पुढारीणबाईंचा रविवार

पुढारी जगाला सांगत होते की यंत्रांनी बाईला मुक्त केलं, आणि त्याच वेळी त्यांची बायको पलंगाखाली पोटावर पडलेली होती.

पलंगाखाली शिरायची त्यांना काही हौस नव्हती. लेकीने पाठवलेलं केर काढायचं गोल यंत्र तिथे जाऊन अडकलं होतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, इथे व्याह्याऐवजी पोटच्या पोरीने धाडलं होतं, एवढाच फरक. ते यंत्र आपलं आपण घरभर फिरे, भिंतीला टक्कर देई, वळे आणि शेवटी चादरीची झालर गिळून रडायला लागे. पूर्वी केरसुणीने घर झाडून व्हायचं आणि पुढारीणबाई मोकळ्या व्हायच्या. आता आधी खुर्च्या उचलायच्या, सतरंजी गुंडाळायची, वायरी वर बांधायच्या, मग यंत्र सोडायचं आणि मग त्याच्या मागे मागे हिंडायचं. लहान मूल परवडलं, ते निदान पुढेमागे शहाणं होतं.

बाहेरच्या खोलीत पुढारी लॅपटॉपसमोर बसले होते. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली घरातली चट्टेरी विजार. कुठल्याशा अभ्यासमंडळाच्या मुलांनी त्यांना व्याख्यान द्यायला सांगितलं होतं. विषय भारदस्त होता: शोधांनी आणि चळवळींनी जग कसं बदललं. पुढारी हे डब्यांच्या कारखान्यातल्या युनियनचे निवृत्त अध्यक्ष. कामगारांना आठ तासांची पाळी आणि आठवड्याची सुट्टी त्यांनी मिळवून दिली, म्हणून सगळी गल्ली त्यांना पुढारी म्हणे. त्यामुळे त्यांची बायको आपोआप पुढारीणबाई झाली. तिला कुणी निवडून दिलं नव्हतं आणि राजीनामा द्यायची सोयही नव्हती.

"मित्रहो," पुढारी सांगत होते, "वॉशिंग मशीन ही साधी वस्तू नाही. ती क्रांती आहे! माझ्याच घरचं उदाहरण घ्या. आमच्याकडे सगळी यंत्रं आहेत. आमच्या मंडळींना आता दिवसभर काम असं नसतंच. बटण दाबलं की झालं."

पलंगाखाली पुढारीणबाईंच्या कमरेला खोचलेला फोन थरथरला. त्यांनी कसाबसा हात मागे नेऊन तो काढला. बाहेरच्या खोलीतून निरोप आला होता. 'घसा सुकला. चहा.'

हा मोबाइलचा फायदा. पूर्वी पुढाऱ्यांना चहासाठी हाक मारावी लागे, त्यात त्यांचा आवाज बसे. आता उंटावरून शेळ्या हाकायला उंटही लागत नव्हता.

पुढारीणबाईंनी यंत्राच्या तोंडातून झालर उपसली, गुडघे चोळत उठल्या आणि चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत त्या ओट्याजवळ नुसत्या उभ्या राहिल्या. 'काम असं नसतंच' हे शब्द त्यांच्या डोक्यातून जाईनात. राग आला होता, पण रागापेक्षा वाईट वाटलं होतं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

आता या घरातल्या यंत्रांविषयी थोडं सांगायला हवं. घरात नवं यंत्र आलं की त्याचं उद्घाटन व्हायचं. खोकं फोडलं जायचं, फीत बांधली जायची, युनियनमधली चार माणसं यायची आणि पुढारी भाषण करून टाळ्यांच्या गजरात बटण दाबायचे. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, प्रत्येकाचं बटण पुढाऱ्यांनी असं एकेकदा दाबलं. ते पहिलं आणि तेच शेवटचं. टाळ्या थांबल्या की पाहुण्यांचा चहा, आणि चहा झाला की कपबशा. पुढारीणबाईंची पाळी त्या कपबशांपासून सुरू होई आणि यंत्राचं पुढचं सगळं त्यांच्याच वाट्याला येई.

गंमत अशी की कारखान्यात हेच पुढारी नव्या यंत्रांचे हाडवैरी होते. नवं यंत्र आलं की तीन माणसं घरी जातात, म्हणून ते फाटकावर आडवे पडले होते. घरात मात्र एवढी यंत्रं आली आणि एकही माणूस कमी झालं नाही, कारण मुळात होतंच एक. वॉशिंग मशीन आलं तशी घरातली माणसं दिवसातून तीनदा कपडे बदलू लागली. फ्रिज आला तसा 'असू दे जास्तीचं, फ्रिज आहे' म्हणून दुप्पट स्वयंपाक होऊ लागला. मिक्सर आला आणि पाहुणे वाढले.

चळवळींचंही तेच. बायकांना समान पगार हवा म्हणून केवढा मोर्चा निघाला होता! पुढारी सगळ्यात पुढे आणि पुढारीणबाई त्यांच्या शेजारी, हातात झेंडा. मोर्चा संपला आणि बायकांच्या हक्कांसाठी घसा फोडून दमलेले चाळीस पुरुष त्यांच्याकडे जेवायला आले. नंतर बायकांना नोकऱ्या खुल्या झाल्या. पुढारीणबाईंनी पोस्टात नोकरी धरली, निवृत्त होईपर्यंत केली, आणि पुढारी सभांमधून अभिमानाने सांगत की माझी बायको घर सांभाळून नोकरी करते. यातल्या 'घर सांभाळून' या शब्दांवर आजवर एकाही सभेत कुणी हात वर केला नव्हता. दिव्याखाली अंधार असतो तो असा, आणि दिव्याला तो कधी दिसत नाही.

त्या संध्याकाळी पुढारी खूश होते. मुलांनी खूप प्रश्न विचारले होते. पण दुसऱ्या दिवसापासून फोन पुन्हा गप्प झाला आणि ते खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळू लागले. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं नव्हतं. बिचाऱ्यांना लढायला कुणी उरलं नव्हतं. पुढारीणबाई त्यांच्यासमोर बसून बटाटे सोलू लागल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण आज त्यांनी भांडं जरा पदराआड ठेवलं.

"अहो, माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिला तुमचा सल्ला हवाय."

"कसला?" पुढाऱ्यांनी मान वळवली.

"एकाच ठिकाणी कामाला आहे. चाळीस वर्षं होत आली. एक दिवसाची सुट्टी नाही."

"आठवड्याची?"

"कुठलीच."

पुढारी खुर्चीत सरळ झाले. पाठीचा कणा कुठे असतो ते त्यांना महिन्याभरात पहिल्यांदाच आठवलं असावं.

"काम काय आहे तिचं?"

"सगळंच. जेवणखाण, धुणं, साफसफाई. कुणी आजारी पडलं तर त्याचं करायचं."

"हं. हॉस्टेल दिसतंय."

"तसंच काहीसं."

"आणि मालक?"

"लोक म्हणतात सज्जन आहे."

"सगळे सज्जनच असतात!" पुढाऱ्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "यंत्रं आणलीत का त्याने?"

"आणलीत की. आणि म्हणतो, आता तुला काम कुठे उरलंय? बटण दाबलं की झालं."

"हरामखोर!" पुढारी उठून उभेच राहिले. "जुनी युक्ती आहे ही. यंत्र दाखवायचं आणि माणूस लपवायचा. अगं, बटण दाबायला हात लागतो, तो कुणाचा? विचार म्हणावं त्याला! चाळीस वर्षं? आणि कुणाला काही वाटलं नाही? त्या घरात... आपलं, त्या हॉस्टेलात माणसं राहतात की दगड?"

ते येरझारा घालू लागले. डोळे लाल झाले होते, आवाज चढला होता. पुढारीणबाईंच्या हातातला बटाटा तसाच राहिला. कारखान्याच्या फाटकावर पिंपावर चढून बोलणाऱ्या याच माणसावर त्या एके काळी भाळल्या होत्या. जगातल्या सगळ्यांसाठी तो असा पेटायचा. आज चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो त्यांच्यासाठी पेटला होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं. त्यांना रडूच यायला लागलं. त्यांनी कांदे चिरायला घेतले म्हणजे विचारायला नको.

त्यानंतर आठवडाभर रोज दुपारी चहाबरोबर शिकवणी चालली. पुढारी शिकवत आणि पुढारीणबाई 'सांगते हं तिला' म्हणत मनात ठेवत.

"मागणी एकच ठेवायची. दहा मागितल्या की मालक नऊ देतो आणि खरी होती तीच खाऊन टाकतो. काय हवंय तिला?"

"रविवार."

"बस्स! फक्त रविवार. आणि यंत्रांची मोडतोड करायची नाही. नुसती बंद ठेवायची. बंद यंत्राइतकं मालकाला काहीच बोचत नाही."

"आणि त्याने गोड बोलायला सुरुवात केली तर?"

"करणारच! तिला सांग, ज्या क्षणी मालक म्हणेल की आपण सगळे एक कुटुंब आहोत, त्या क्षणी पायांत चपला घालायच्या. हे वाक्य मी सात मालकांच्या तोंडून ऐकलंय. कुटुंब म्हणाला की समजायचं, काही द्यायची इच्छा नाही."

"आणि कबूल करून मोडलं तर?"

पुढारी थांबले. हा त्यांचा आवडता भाग होता. "भांडायचं नाही, ओरडायचं नाही. कामावरून उठायचं आणि मोठ्या फाटकातून बाहेर पडायचं. त्याला दिसेल असं. आणि मागे वळून बघायचं नाही. बघितलं की संपलं. माया वाटते गं, जागेची. चांगले चांगले वळलेत."

शनिवारी रात्रीची भांडी आवरून पुढारीणबाई हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, उद्या संप आहे."

"कुणाचा?"

"त्या बाईचा."

"शाब्बास! मी येतो फाटकावर. किती वाजता?"

"तुम्हाला यावं लागणार नाही," पुढारीणबाई म्हणाल्या. "तुम्ही आतच असता."

पुढारी हसले. मग हसता हसता त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं, मग फ्रिजकडे, मग कोपऱ्यात दिवा लुकलुकत बसलेल्या त्या गोल यंत्राकडे. हसू हळूहळू मावळलं.

"म्हणजे ते हॉस्टेल..."

"हॉस्टेल तुम्ही म्हणालात."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. पुढारी झोपायला गेले.

रविवारी घरातलं एकही यंत्र हललं नाही. पुढारीणबाई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या आणि अख्खा पेपर वाचू लागल्या, अगदी हवामान आणि निविदासुद्धा. पुढारी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन परत आले. साखर कुठे असते हे विचारणं म्हणजे संपकऱ्याला कामाला लावणं, एवढं त्यांना कळत होतं. मग लेकीचा फोन आला. पुढाऱ्यांनी तो कानाशी घट्ट धरला, पण पोरीचा आवाज आईवर गेला होता, गॅलरीपर्यंत सगळं ऐकू आलं.

"बाबा, एवढं काय त्यात? फोनवरून जेवण मागवा. अर्ध्या तासात माणूस आणून देतो."

"काय?" पुढारी कडाडले. "संप चालू असताना बाहेरून माणूस आणून काम करून घेऊ? माझ्या घरात? अगं, अशा फितुरांना मी फाटकावर अडवलंय!"

त्यांनी फोन ठेवून दिला आणि उपाशी बसले. पुढारीणबाईंनी पेपर तोंडासमोर धरला. माणूस मूर्ख होता, पण पक्का होता. त्यांना त्याचा अभिमान वाटला आणि दयाही आली, पण त्या उठल्या नाहीत.

दुपार कलायच्या आत पुढारी गॅलरीत आले. चेहरा उतरला होता, ओठांना कोरड्या पावाचे कण चिकटले होते.

"मागणी मान्य," ते म्हणाले. "रविवार तुझा. स्वयंपाक नाही, धुणं नाही, चहासुद्धा नाही."

"माझा म्हणजे माझाच?"

"शब्द देतो. मी आजवर दिलेला शब्द मोडलेला नाही."

दोघांनी हात मिळवले. पुढाऱ्यांचे डोळे भरून आले. मालक म्हणून आपण किती उदार आणि कामगारांचे नेते म्हणून किती यशस्वी ठरलो, हे दोन्ही आनंद त्यांना एकाच वेळी झाले होते. असा योग क्वचितच कुणाच्या नशिबी येतो.

आठवडाभर ते हवेत होते. बाजारात, न्हाव्याकडे, जिन्यात, भेटेल त्याला सांगत होते की निवृत्तीनंतरही एक लढा जिंकला. ऐकणाऱ्याला वाटे, पुढाऱ्यांनीच हा रविवार कुणा जुलमी माणसाच्या जबड्यातून ओढून आणला. एका अर्थी ते खरंही होतं.

पुढारीणबाईंनी पुढच्या रविवारचा बेत मनाशी पक्का केला होता. बेत असा की काही करायचं नाही. नाहून गॅलरीत बसायचं, केस वाळवायचे, वाटलं तर नदीच्या पुलापर्यंत चालत जायचं आणि वाटलं नाही तर नाही. रविवारी त्या उशिरा उठल्या. केस मोकळे सोडून गॅलरीत बसल्या. उन्हाची तिरीप पायांवर पडली होती. असं ऊन या गॅलरीत रोज येत असणार आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड राहत असणार, हे त्यांना आज कळलं.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मग पुन्हा वाजली. जिन्यात पावलांचा आणि हसण्याचा आवाज झाला. कारखान्यातला जुना फिटर आला, गोदामवाला आला, युनियनचा म्हातारा खजिनदार काठी टेकत आला, त्यांच्यामागे आणखी चौघे. प्रत्येकाने आत येताना गॅलरीकडे पाहून हात उंचावला. "अभिनंदन, वहिनी!"

पुढारी खोलीच्या मधोमध उभे होते, इस्त्रीच्या शर्टात आणि आज चक्क पँटमध्येही. दोन खिडक्यांच्या मध्ये लाल फीत बांधलेली होती. कात्री तयार होती. रविवारचं उद्घाटन होतं.

"मित्रहो!" पुढाऱ्यांनी सुरुवात केली. "जगात वाफेचं इंजिन आलं, वीज आली, पण खरा बदल यंत्राने होत नाही, लढ्याने होतो. आज या घरातल्या एका कामगार स्त्रीला चाळीस वर्षांनी तिच्या हक्काचा रविवार मिळतो आहे. हा दिवस सोन्याचा आहे!"

टाळ्या झाल्या. खजिनदाराने डोळे पुसले. पुढाऱ्यांनी फीत कापली, पुन्हा टाळ्या झाल्या, आणि त्या टाळ्या विरता विरता पुढारी गॅलरीकडे वळून अगदी मायेने म्हणाले,

"अगं, सगळ्यांना चहा टाक ना."

त्यात कपट नव्हतं. श्वास यावा तसं ते वाक्य आलं होतं. खोलीतल्या कुणालाही ते खटकलं नाही. फिटरने तर कपाची वाट पाहत पाय लांब केले.

पुढारीणबाई उठल्या. पुढाऱ्यांना वाटलं, ओट्याकडे चालल्यात. त्या खोलीतून सरळ दाराकडे गेल्या आणि चपला घालू लागल्या. चपलेचा पट्टा लागेना. त्या खाली वाकूनच राहिल्या, कारण मान वर केली असती तर नवऱ्याचा चेहरा दिसला असता.

"अगं... कुठे चाललीस? पाहुणे आलेत!"

पुढारीणबाईंनी दुसरी चप्पल पुढे ओढली. भांडायचं नाही, ओरडायचं नाही.

"असं काय करतेस? एक चहाच तर म्हटलं. आता आपल्यात कसलं आलंय मालक आणि कामगार? शेवटी आपण सगळे एक कुटुंबच..."

पुढारी तिथेच अडखळले. पण वाक्य बाहेर पडलं होतं.

फिटरने लांब केलेले पाय हळूच आखडून घेतले. या माणसांनी तारुण्यातली कित्येक वर्षं फाटकाबाहेर उन्हात काढली होती, आणि हे वाक्य ऐकल्यावर काय करायचं ते त्यांच्या हाडांत मुरलेलं होतं. डोक्याने विचार करायच्या आत त्यांचे गुडघे उठले. आधी फिटर उठला. मग गोदामवाला. मग खजिनदाराने काठी शोधली.

"भाऊ, राग मानू नका," फिटर दारातून म्हणाला. "तुम्हीच शिकवलंय. हे ऐकल्यावर आत बसवत नाही."

पुढारीणबाईंना हे अपेक्षित नव्हतं. त्या जिना उतरत होत्या आणि मागून सात म्हाताऱ्यांच्या चपला फटफटत येत होत्या. त्यांना हसू आलं. हे सगळे त्यांच्या हातचं चाळीस वर्षं जेवले होते. पण त्यांच्या मागून चालायची पाळी कुणावर आली नव्हती.

वरती पुढारी गॅलरीत येऊन उभे राहिले. कठडा दोन्ही हातांनी धरला होता. आयुष्यभर त्यांनी बंद फाटकाबाहेर उभं राहून वरच्या खिडकीतल्या माणसाकडे पाहिलं होतं. त्या माणसाला वरून काय दिसत असेल याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. आता दिसत होतं. खालून जाणारी आपली माणसं दिसत होती आणि सगळ्यांत पुढे केस मोकळे सोडलेली आपली बायको.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर फिटरला राहवलं नाही. मोर्चा निघाला आणि घोषणा नाही, हे त्याच्या बुद्धीला पटेना. त्याने मूठ वर केली.

"रविवार आमच्या हक्काचा!"

आणि वरून, गॅलरीतून, चाळीस वर्षांच्या सवयीचा तो खडा आवाज कुणी विचारायच्या आत आला,

"नाही कुणाच्या बापाचा!"

पुढारी वर उभेच असावेत. वर गेलेली मूठ खाली कशी आणायची हे त्यांना सुचत नसावं. नंतर स्वयंपाकघराच्या खिडकीतून भांडं आपटल्याचा आवाज गल्लीभर आला, मग एक डबा पडल्याचा, मग दुसरा. साखर ते शोधत होते, आणि चुकीच्या फळीवर शोधत होते, हे पुढारीणबाईंना नुसत्या आवाजावरून कळलं.

त्या पुलाच्या दिशेने चालत राहिल्या. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर साखर काढून द्यायला परत वर गेल्या असत्या.